पुढचं तिकीट म्हणजे औषध नव्हे

"डॉक्टर, पोरानं फर्स्ट क्लासचं तिकीट काढलंय. पाय लांब करून झोपून जायचं. आता तरी जाऊ ना?"

गुडघ्याच्या सांधेबदलाच्या ऑपरेशनला तेव्हा सात आठवडे झाले होते. मावशींचं वय चौसष्ट. घरी पानमळा, थोडी डाळिंबाची बाग. मुलगा न्यू जर्सीत, सूनबाईंचं बाळंतपण जवळ आलेलं. आधी मी "थोडं थांबा" म्हणालो होतो. पण तिकिटाचं ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग काय काळजी नाही, जाऊन या."

ते वाक्य चुकीचं होतं. त्याची किंमत मावशींनी मोजली. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून आज ही गोष्ट सांगतो आहे. कारण हाच गैरसमज घेऊन दर महिन्याला कुणी ना कुणी माझ्या दवाखान्यात येतं. निमगाव केतकी, इंदापूर, बारामती या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली मुलं परदेशात आहेत. आईवडिलांना बोलावताना ती कर्ज काढून पुढच्या वर्गाचं तिकीट घेतात आणि समजतात, तब्येतीचा प्रश्न सुटला. तो सुटत नाही.

काय घडलं

मावशी पोचल्या. पाचव्या दिवशी ऑपरेशन झालेल्या पायाची पोटरी सुजली. मुलाने व्हिडिओ कॉल लावून मला पाय दाखवला. मी म्हणालो, "ऑपरेशननंतर सूज असतेच. पायाखाली उशी ठेवा." ही माझी दुसरी चूक. दोन दिवसांनी जिना चढताना मावशींना एकदम दम लागला, छातीत कळ आली. तिथल्या हॉस्पिटलात तपासणी झाली. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकला होता. वेळेवर उपचार मिळाले म्हणून त्या वाचल्या.

परत आल्यावर मी विचारलं, "मावशी, विमानात किती वेळा उठलात?" त्या म्हणाल्या, "दोनदा. उठायचं कशाला? जेवण, पाणी, पांघरूण, समदं जाग्यावर येत होतं. इतकी गाढ झोप वर्षात लागली नव्हती."

ज्या आरामासाठी मुलाने लाखो रुपये मोजले, त्याच आरामाने त्यांना जागेवर खिळवून ठेवलं. गुठळी फक्त त्यामुळेच झाली असं मी म्हणणार नाही. ऑपरेशन हे मोठं कारण होतंच. पण त्या महागड्या तिकिटाने गुठळी अडवली नाही, आणि माझी सावधगिरी मात्र झोपवली.

पायात नेमकं काय होतं?

हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलतं. पण पायातलं रक्त वर कोण चढवतं? तुमची पोटरी. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांमध्ये झडपा असतात, त्या रक्ताला मागे येऊ देत नाहीत. विहिरीवरच्या मोटारीसारखंच आहे हे. मोटार बंद, तर पाणी जागच्या जागी.

एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ व्हिर्चो या जर्मन डॉक्टरच्या अभ्यासातून गुठळीमागच्या तीन गोष्टी पुढे आल्या: रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं. नुकतंच मोठं ऑपरेशन झालेल्या माणसात शेवटच्या दोन आधीच हजर असतात. तासन् तास न हलता राहिलं की पहिलीही येऊन मिळते. सीट चामड्याची आहे की कापडाची, हे शिरेला कळत नाही.

एका नावाने केलेला घोटाळा

या आजाराला १९७७ मध्ये 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असं नाव मिळालं. नाव चटकदार, म्हणून वर्तमानपत्रांनी उचललं. पण त्याने दुहेरी नुकसान केलं. मागे बसणारा उगाच घाबरला आणि पुढे बसणारा उगाच निर्धास्त झाला.

खरं तर ही गोष्ट विमानापासून सुरू झालीच नव्हती. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक तळघरांत आरामखुर्च्यांवर बसून रात्री काढत. फुप्फुसात गुठळी जाऊन होणारे मृत्यू त्या काळात वाढल्याचं कीथ सिम्प्सन या डॉक्टरने दाखवून दिलं. १९५४ मध्ये बोस्टनच्या जॉन होमन्स या सर्जनने विमानासोबत मोटारीत आणि नाटकगृहात फार वेळ बसण्याचाही धोका लिहून ठेवला. म्हणजे दोष बसून राहण्याचा आहे.

आणि मोठ्या खुर्चीचंच म्हणाल, तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षापेक्षा ऐसपैस विमान कुणाचं? जून १९७४ मध्ये रिचर्ड निक्सन मध्यपूर्वेच्या दौऱ्यावर होते, तेव्हा त्यांच्या डाव्या पायाची शीर सुजलेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुठळीसाठी त्यांचं ऑपरेशन करावं लागलं. विमानामुळेच ते झालं असा माझा दावा नाही. पण खास विमानही पायाला कवच देत नाही, एवढं त्यातून नक्की समजतं.

२०१२ मध्ये छातीच्या विकारांच्या अमेरिकन तज्ज्ञांच्या संस्थेने, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सने, उपलब्ध अभ्यास तपासून स्पष्ट सांगितलं की इकॉनॉमी वर्गात बसल्यामुळे गुठळी होते याला ठोस पुरावा नाही. खिडकीजवळच्या सीटवर मात्र धोका वाढतो, कारण तिथला माणूस उठत नाही.

म्हणजे पायासाठी महत्त्वाचा प्रश्न "पुढे की मागे" हा नाही. "खिडकी की वाट" हा आहे. वाटेलगतची सीट मागच्या वर्गातही मिळते.

हवा तर सगळ्यांना सारखीच

"पुढे ऑक्सिजन चांगला असतो ना?" असंही मला विचारतात. नाही. उंचावर विमानाच्या आतला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे त्या शिखरावर असते त्याहून विरळ हवा तुम्ही सगळा प्रवासभर घेत असता, पहिल्या रांगेत आणि शेवटच्या रांगेतही. हवा कोरडी असते, तीही दोन्हीकडे. ज्यांचं हृदय किंवा फुप्फुस आधीच कमकुवत आहे, त्यांनी तिकिटाचा वर्ग बघण्याआधी "मी उडू शकतो का?" हे तपासून घ्यायला हवं.

मग पुढच्या वर्गाचा काहीच उपयोग नाही?

आहे की. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत, कंबरेचा मणका दुखतो, बसल्यावर पाय फार सुजतात, त्यांना आडवं होता आलं तर त्रास खूप कमी होतो. झोप लागते, पोचल्यावर थकवा कमी जाणवतो. पैसे असतील तर जरूर जा. तुमच्या कष्टाचा पैसा आहे, त्यावर बोलण्याचा डॉक्टरला अधिकार नाही. माझं भांडण फक्त एवढ्याशी आहे: आराम म्हणून घ्या, उपचार म्हणून घेऊ नका. आणि उपचार समजून कर्ज तर मुळीच काढू नका.

मुलांनो, तुम्हालाही दोन शब्द. आई लांब आहे, आपण जवळ नाही, ही बोच मला कळते. ती बोच महागड्या तिकिटाने शांत होते, हेही कळतं. पण त्याच मावशींच्या विम्याच्या फॉर्मात गुडघ्याच्या ऑपरेशनचा उल्लेखच नव्हता. हॉस्पिटलचं बिल आलं तेव्हा दावा अडकला. तिकिटावर लाखो गेले आणि एक ओळ लिहायची राहिली. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी जुन्या आजारांसह पूर्ण विमा घ्या. जमत असेल तर प्रवासाची तारीख पुढे ढकला. तारीख बदलण्याचा दंड हा तिकिटातल्या फरकापेक्षा पुष्कळ कमी असतो.

बसणं गावातूनच सुरू होतं

हिशेब करून बघा. निमगाव केतकीहून मुंबई विमानतळ गाडीने सहा-सात तास. तिथे तीन तास आधी पोचायचं. मग न्यू यॉर्कचं थेट विमान पंधरा-सोळा तासांचं. विमानात पाऊल ठेवण्याआधीच तुमचा अर्धा दिवस खुर्चीत गेलेला असतो. लांबचा मोटार, बस किंवा रेल्वेचा प्रवासही गुठळीचा धोका विमानाइतकाच वाढवतो. ऊस वाहणाऱ्या ट्रकचालकांनीही हे लक्षात ठेवावं.

तुकोबारायांची पालखी दरवर्षी आपल्या गावात मुक्कामाला असते. सत्तरीतली वारकरी माणसं माझ्याकडे येतात ती पायाला फोड आले, पोटऱ्या भरून आल्या म्हणून. त्यांची मोटार दिवसभर चालू असते. तेच आजोबा विमानात बसले की मुलं म्हणतात, "आजोबा, उठू नका, पडाल." माया म्हणून म्हणतात, पण सल्ला उलटा आहे.

घाबरू नका, पण हे करा

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांब प्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. पण निरोगी माणसात तो मुळातच कमी, सुमारे ६,००० मागे एक. म्हणून सगळ्यांनी भिण्याचं कारण नाही. सांभाळायचं कुणी? ज्यांना आधी गुठळी झाली आहे, नुकतं मोठं ऑपरेशन झालं आहे, कॅन्सर आहे, वजन फार आहे, ज्या गरोदर आहेत किंवा नुकत्या बाळंत झाल्या आहेत, ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात, आणि ज्यांचं वय झालं आहे, त्यांनी.

१. गुडघा किंवा खुबा बदलला असेल तर साधारण तीन महिने लांबचा विमानप्रवास टाळा. टळतच नसेल तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच निघा.

२. वाटेलगतची सीट घ्या. तासा-दीड तासाने उठून फेरी मारा. मुंबईला जातानाही गाडी दोन-तीनदा थांबवून चाला.

३. बसल्या जागी टाच टेकवून चवडा वर, मग चवडा टेकवून टाच वर, असं दर अर्ध्या तासाला वीस-पंचवीस वेळा करा. आडवे झालात तरी पंजे हलवत राहा.

४. धोका जास्त असेल तर गुडघ्याखालपर्यंतचे घट्ट वैद्यकीय मोजे डॉक्टरांकडून मापाने घ्या. मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर न विचारता घालू नका.

५. झोपेची गोळी आणि दारू टाळा. पुढच्या वर्गात दारू आग्रहाने मिळते. ती घेऊन तुम्ही आणखी निपचित पडता.

६. व्हॉट्सअॅपवर वाचून ॲस्पिरिन घेऊ नका. केवळ प्रवासातली गुठळी टाळण्यासाठी ती घेण्याची शिफारस नाही. रक्त पातळ करणारी औषधं कुणाला द्यायची, ते डॉक्टर ठरवतील.

७. प्रवासानंतर दोन महिन्यांपर्यंत एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखली, गरम लागली, तर वाट बघू नका. डॉप्लर सोनोग्राफी करा. ती बारामतीतही होते. एकदम दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि कुणी डॉक्टर फोनवर पाय बघून "उशी ठेवा" म्हणाला, तर त्याला सांगा, मी लांबचा प्रवास करून आलोय. तो डॉक्टर मी असलो तरी.

मावशी आता बऱ्या आहेत. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा जायचं म्हणतात. या वेळी मुलाने विचारलं, "डॉक्टर, तिकीट कुठलं काढू?" मी म्हणालो, "तुला परवडेल ते. फक्त सीट वाटेलगतची घे, विम्याच्या फॉर्मात सगळं खरं लिही, आणि आईला सांग, दर तासाला उठायचं."