वारशाचे शस्त्र आणि कायद्याची कसोटी

देवगिरीच्या किल्ल्यावरील मेंढा तोफ पाहावयास जाणाऱ्या कोणाच्याही मनात परवान्याचा विचार येत नाही. परंतु मराठवाड्यातील एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर ठासणीची बंदूक किंवा पणजोबांचे पिस्तूल सापडले, तर वारसापुढे तो विचार तत्काळ उभा राहतो. ही वस्तू इतिहासाची की गुन्ह्याची, असा तो प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर सामान्य नागरिकास सहज मिळत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

कायदा याविषयी मुळीच मौन पाळतो असे नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ नुसार कालबाह्य धाटणीची, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा नादुरुस्त शस्त्रे बाळगण्यास या कायद्याची आडकाठी नाही. मात्र एक अट आहे : ते शस्त्र दुरुस्ती करून अथवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. म्हणजे आपला कायदा शस्त्राचे वय विचारीत नाही, त्याचे सामर्थ्य विचारतो. याउलट १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम सर्वसाधारणपणे शंभर वर्षे हे वय पाहतो. एकच पिस्तूल एका कायद्याने पुरावशेष आणि दुसऱ्याने विनापरवाना अग्निशस्त्र ठरू शकते, ते यामुळेच.

अमेरिकेत याच प्रश्नाकडे निराळ्या रीतीने पाहिले जाते. तेथे १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे सामान्यतः प्राचीन मानली जातात. पण पिस्तुलाला खांद्याला टेकवण्याचा दस्ता जोडला की नियम बदलतात. १८९६ पासून जर्मनीत बनू लागलेल्या माउझर पिस्तुलाची लाकडी म्यानच मुठीमागे जोडून दस्ता म्हणून वापरता येत असे. नळी १६ इंचांहून आखूड असून दस्ता जोडलेला असेल, तर १९३४ च्या कायद्याप्रमाणे ते आखूड नळीची रायफल ठरते व त्याची नोंदणी करावी लागते. मूळ दस्त्यासह असलेल्या काही विशिष्ट जुन्या पिस्तुलांना मात्र संग्राह्य वस्तू म्हणून त्या बंधनातून वगळले आहे. खिशात लपणाऱ्या शस्त्राला रायफलीची स्थिरता लाभू नये, हा बंधनामागील हेतू. आणि इतिहासाची मूळ जोडी मोडू नये, हा सवलतीमागील. दोन्ही हेतू रास्तच आहेत.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ अधिक कडक झाले. अग्निशस्त्राचे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात विनापरवाना रूपांतर करण्यास आता मनाई आहे, आणि त्याची शिक्षा किमान ७ वर्षे ते जन्मठेप इतकी आहे. परंतु जुन्या पिस्तुलाला त्याचाच मूळ दस्ता जोडणे हे असे रूपांतर ठरते की नाही, हे त्या कलमाच्या शब्दांवरून उमगत नाही. जेथे शिक्षा एवढी जबर, तेथे शब्द निःसंदिग्ध असावयास हवेत.

त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीच्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात तर ती एकच होती. वारशाने आलेल्या शस्त्रांच्या परवान्यांनाही हीच मर्यादा लागू आहे. जादा शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे सांगण्यात आले. संग्रहालयाचा मार्ग मात्र तेथे नव्हता.

जुन्या शस्त्रांना सरसकट मोकळीक द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. शंभर वर्षांचे पिस्तूलही माणसाचा जीव घेऊ शकते, आणि ‘पुराणवस्तू’ या नावाखाली चालू स्थितीतील हत्यारे बाळगण्याची पळवाट कोणासही मिळता कामा नये. म्हणून सामर्थ्याची कसोटी हीच योग्य होय. परंतु ती कसोटी लावणार कोण? दुरुस्ती होऊ शकेल की नाही, हे घरातील शिक्षक वा कारकून कसे ठरवणार? चुकला तर विनापरवाना अग्निशस्त्राबद्दल किमान २ वर्षांची कैद. भ्याला तर पिस्तूल विहिरीच्या तळाशी. या भीतीपायी वस्तूबरोबर तिची हकीकतही नाहीशी होते.

यावर उपाय फारसा खर्चाचा नाही. प्रत्येक जिल्ह्यात परवाना अधिकारी, शस्त्रांचा जाणकार कारागीर आणि पुराणवस्तूंचा अभ्यासक यांनी ठराविक दिवशी एकत्र बसून अशी शस्त्रे तपासावीत. जी निरुपयोगी आहेत त्यांना तसा लेखी दाखला द्यावा. जी चालू शकतात ती परवान्याखाली आणावीत, किंवा मालकाच्या संमतीने निकामी करून नावानिशी संग्रहालयात ठेवावीत. आपल्या शहरात महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या दालनांत जुनी हत्यारे आहेतच. स्वतःहून पुढे येणाऱ्यास खटल्याचे भय राहणार नाही, अशी हमी मात्र शासनाने आधी दिली पाहिजे. ती मिळाल्याविना माळ्यावरची पेटी कोणीही उघडणार नाही.