संक्रमणाचा सूर : जॅकी मॅक्लीनची १९६२ची ध्वनिमुद्रिका

कलावंताच्या वाटचालीचे टप्पे पाडणे ही समीक्षेची जुनी सवय आहे. पूर्वकाळ, संक्रमणकाळ आणि परिणतकाळ अशी त्रिस्थळी यात्रा एकदा आखली की मधल्या मुक्कामी फार वेळ थांबण्याचे कारण उरत नाही. त्या मुक्कामावरील कलाकृतींना मग दोनच प्रकारचे श्रेय मिळते : एकतर त्यांत जुन्याचे अवशेष आढळतात, किंवा येणाऱ्या नव्याची चाहूल लागते. त्या स्वतः काय आहेत, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारून पाहण्यासाठी अमेरिकन जॅझमधील अल्टो सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीन याचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. कारण त्याचे संक्रमण चाळीस मिनिटांहूनही लहान अशा एकाच ध्वनिमुद्रिकेत प्रत्यक्ष ऐकता येते.

मॅक्लीनचा जन्म १९३१चा, न्यूयॉर्कचा. तो हार्लेममध्ये वाढला आणि पियानोवादक बड पॉवेल याचे मार्गदर्शन त्याला कोवळ्या वयातच लाभले. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि पॉवेल यांनी १९४०च्या दशकात घडवलेली बीबॉप शैली ही त्याची मातृभाषाच म्हणावी लागेल. या शैलीत मूळ गीताच्या धुनेपेक्षा तिच्या तळाशी असलेल्या कॉर्डांच्या मालिकेला महत्त्व असते. ती मालिका ठरलेल्या क्रमाने फिरत राहते आणि वादक तिच्यावरून द्रुत लयीत, प्रत्येक वळण अचूक घेत धावतो. १९५१मध्ये माइल्स डेव्हिसबरोबर ध्वनिमुद्रण करणारा तरुण मॅक्लीन ही भाषा अस्खलित बोलतो. अस्खलितपणाबद्दल त्याला पहिला प्रश्न पडला असेल तर तो चार्ल्स मिंगसच्या संगतीत. मिंगस लिखित स्वरलेखनापेक्षा कानावर भिस्त ठेवणारा, आणि १९५६च्या ‘पिथेकँथ्रोपस इरेक्टस’मध्ये मॅक्लीनच्या वाद्यातून निघालेले काही आवाज पार्करच्या शाळेत शिकवले जात नव्हते.

पुढे १९५९च्या नोव्हेंबरात ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये दाखल झाला. कॉर्डांची मालिकाच बाजूला ठेवणाऱ्या त्याच्या वादनाने तिथल्या संगीतवर्तुळात उभी फूट पडली. याच काळात मॅक्लीनकडे न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवण्यासाठी आवश्यक असलेला पोलिसांचा परवाना नव्हता. अमली पदार्थांच्या प्रकरणात तो हिरावला गेला होता. ‘लिव्हिंग थिएटर’च्या ‘द कनेक्शन’ या नाटकात वाजवणे आणि अभिनय करणे, तसेच ‘ब्लू नोट’ कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे करणे, ही त्याची प्रमुख कार्यक्षेत्रे उरली. १९ मार्च १९६२ रोजी मुद्रित झालेल्या ‘लेट फ्रीडम रिंग’ या शीर्षकातील स्वातंत्र्य केवळ सौंदर्यशास्त्रीय नव्हते, हे यावरून ध्यानात यावे. तथापि याच शीर्षकाने समीक्षेची काहीशी दिशाभूलही केली आहे. स्वातंत्र्य म्हणजे रूपबंधापासून सुटका, असा सोपा अर्थ लावून ही मुद्रिका मुक्त जॅझच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवली जाते.

प्रत्यक्ष श्रवणात मात्र वेगळेच काही हाती लागते. मुद्रिकेतील वादकांची निवडच बोलकी आहे. पियानोवर वॉल्टर डेव्हिस, पॉवेलच्या परंपरेतला. आणि ड्रमवर बिली हिगिन्स, ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये कोलमनच्या मागे बसलेला. बासवादक हर्बी लुइस या दोघांच्या मध्ये. पहिली रचना ‘मेलडी फॉर मेलोने’ मॅक्लीनच्या मुलीच्या नावाची आहे. तिच्यात कॉर्डांची धावपळ थांबते, एकाच स्वरक्षेत्रात दीर्घकाळ मुक्काम होतो, आणि त्या मोकळ्या जागेत सॅक्सोफोन अचानक वाद्याच्या स्वाभाविक मर्यादेपलीकडे चढून किंकाळी फोडतो. खयालावर पोसलेल्या कानाला ती प्रथम खटकेल. मॅक्लीनचा सूर मुळातच किंचित चढा, आपल्याकडचे जुने श्रोते ज्याला कणसूर म्हणतील असा. त्यात ही किंकाळी. पण ती कोठे येते हे नीट ऐकले पाहिजे. ती ऐन बीबॉपच्या वाक्यात येते. वाक्य व्याकरणशुद्ध चाललेले असते, शब्द अपुरा पडतो, आवाज फाटतो, आणि पुढच्याच क्षणी तेच वाक्य पुन्हा सुरू होते.

लगेच दुसरी रचना येते ती पॉवेलची, ‘आय विल कीप लव्हिंग यू’. मॅक्लीन ती संथपणे, धुनेला धरून वाजवतो. तिसरी ‘रेने’ ही बारा मात्रिकांची ब्लूज, म्हणजे जॅझमधील सर्वांत जुना साचा. या दोहोंकडे ‘जुन्याचे अवशेष’ म्हणून पाहणे हा श्रवणाचा आळस होय. पहिल्या रचनेतील किंकाळी ज्याने ऐकली आहे, त्याला पॉवेलच्या धुनेतील प्रत्येक लांबवलेला स्वर आता फाटेल की काय असे वाटत राहते. जुने येथे नव्याच्या दाबाखाली वाजते. मुद्रिकेसोबतचे टिपण मॅक्लीनने स्वतःच लिहिले आहे. कोलमनने आपल्याला थांबून विचार करायला लावले असे तो त्यात मोकळेपणाने सांगतो. बीबॉपशी नाते तोडल्याची घोषणा मात्र करीत नाही.

पुढच्याच वर्षीच्या ‘वन स्टेप बियाँड’मध्ये पियानो नाही, त्याच्या जागी बॉबी हचर्सनचा व्हायब्राफोन, ग्रॅशन मंकर याच्या रचना आणि सतरा वर्षांच्या टोनी विल्यम्सचे ड्रम आहेत. ही मुद्रिका अधिक सुसंगत आहे, यात शंका नाही. परंतु सभोवतालचे सर्वच नवे झाल्यावर किंकाळीला छेद देण्यासारखे फारसे उरत नाही. सुसंगती हाच निकष मानणारी समीक्षा १९६३ला झुकते माप देते. १९६२मधील विसंगती ही दोष नसून तीच त्या मुद्रिकेची आशयवस्तू आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

मराठी समीक्षेला हा प्रश्न परका नाही. मर्ढेकरांच्या ‘शिशिरागम’ (१९३९) आणि ‘काही कविता’ (१९४७) यांमधले अंतर आपण इतक्या आवेशाने मोजले की, नव्या जाणिवेची ही कविता अभंग-ओवीच्या चालीवर का उभी राहते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा उपरोधाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो. अभंगाचा आधार नसता तर त्या कवितेतील तडा ऐकू तरी आला असता काय?

जॅझच्या इतिहासात जॉन कोल्ट्रेनचा आलेख आदर्श मानला जातो. तो १९६७मध्ये चाळिसाव्या वर्षी वारला, पुढे-पुढेच जात असताना; त्यामुळे विकासाची कथा अभंग राहिली. मॅक्लीनने मात्र ही सोय ठेवली नाही. १९६७मध्ये त्याने खुद्द कोलमनला ट्रम्पेट वाजवायला घेऊन केलेल्या मुद्रिकेचे नाव ‘न्यू अँड ओल्ड गॉस्पेल’ असे आहे. त्यानंतर तो हार्टफर्ड येथील विद्यापीठात शिकवू लागला आणि १९७०च्या दशकात पुन्हा बीबॉपच्या मुलखात वावरताना दिसला. याला ‘माघार’ म्हणणाऱ्यांनी १९७३ची कोपनहेगनमधील डेक्स्टर गॉर्डनबरोबरची मैफल ऐकावी. गॉर्डनचा भरदार, स्थिर सूर संपतो आणि मॅक्लीन सुरू होतो. पहिल्या दोन-तीन स्वरांतच तो चढा, कडवट कणसूर ओळखू येतो.