नोकरी, अभ्यास आणि सव्वीस तासांचा आठवडा

दिवाळीच्या सुमारास या सदराकडे येणारी पत्रे बहुधा करंजीसारखी गोड असतात. यंदा मात्र ठाण्याच्या एका गृहस्थांनी चकलीसारखे काटेरी पत्र धाडले आहे. त्यांची मुलगी सव्वीस वर्षांची. बी. फार्म. झालेली, एका औषध कंपनीत बऱ्या पगारावर नोकरीला. आता स्थळे पाहावीत असा घरात विचार चालला होता, तोच गणपतीत तिने जाहीर केले, "मला डॉक्टर व्हायचंय. नोकरी करून मी नीटचा अभ्यास करणार." आई हबकली, आजीने देव पाण्यात घातले, आणि गृहस्थ आम्हांला विचारतात, "हे जमण्यासारखे आहे काय? तिला आम्ही आवरावे की हात द्यावा?"

आधी वयाची भीती काढून टाकू. २०१७ साली या परीक्षेला खुल्या वर्गासाठी २५ आणि राखीव वर्गांसाठी ३० वर्षांची कमाल मर्यादा घातली होती. प्रकरण कोर्टात गेले, आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती अट उठवली. ओडिशाचे जय किशोर प्रधान स्टेट बँकेतून निवृत्त झाल्यावर २०२० साली, वयाच्या ६४व्या वर्षी, नीट उत्तीर्ण होऊन बुर्ला येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. त्यांच्यापुढे आपली कन्या म्हणजे शेंडेफळच! मात्र बारावीचे गुणपत्रक काढून पाहा. फार्मसीला गणित घेऊनही जाता येते. इथे जीवशास्त्र लागते. बारावीला ते नसल्यास नंतर ज्यादा विषय म्हणून घेऊन उत्तीर्ण होण्याची मुभा २०२३ साली मिळाली आहे.

तेव्हा वय आडवे येत नाही. आडवे येते ते घड्याळ.

२०२५ साली या परीक्षेला २२ लाखांवर उमेदवार बसले. १२ लाखांवर 'पात्र' ठरले. आणि एम. बी. बी. एस.च्या जागा? देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. म्हणजे पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे यांत सासर-माहेराइतके अंतर आहे. आणि स्पर्धा आहे ती बारावी होऊन घरी बसलेल्या, आईच्या हातचे गरम जेवून दिवसाला दहा तास वाचणाऱ्या मुलांशी.

आता हिशेब मांडू. आपली कन्या पहाटे दोन तास आणि रात्री एक तास बसली, तर कामाच्या सहा दिवसांत अठरा तास होतात. रविवारचे आठ धरा. एकूण सव्वीस. दिवाळीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे सव्वीस आठवडे असतात; म्हणजे ६७६ तास. घरी बसलेला मुलगा तेवढे तास दहा आठवड्यांत उरकतो. त्याच्या सहा महिन्यांचे १,८२० तास होतात. तेवढे गाठायला आपल्या कन्येला दीड वर्ष लागेल. हा हुशारीचा प्रश्न नव्हे, निव्वळ गुणाकाराचा आहे.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा की, येत्या मेची परीक्षा तिने जरूर द्यावी, पण रंगीत तालीम म्हणून. खरा प्रयोग त्याच्या पुढच्या मेला. नोकरदार माणसे बुद्धीने कमी पडतात म्हणून हरत नाहीत. दीड वर्षाचे काम सहा महिन्यांत करायला जातात, फेब्रुवारीत आजारी पडतात आणि मार्चमध्ये राजीनामा देतात.

तो राजीनामा मात्र आज नको. हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते. पण आधीच्या साडेचार वर्षांत दिवसभराची हजेरी असल्याने नोकरी करता येत नाही. तेव्हा आजच्या पगारातून बाजूला पडणारा पैसा हीदेखील परीक्षेचीच तयारी समजा. हक्काची रजा मात्र लग्नकार्यांत उधळू नये, एप्रिलसाठी राखावी.

आता अभ्यासाविषयी. २०२५च्या परीक्षेत १८० प्रश्न होते आणि १८० मिनिटे. प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला एक वजा. एकूण ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे. रसायन आणि शरीरशास्त्र कन्येच्या परिचयाचे आहे; मात्र वनस्पतींचा भाग मागे पडला असेल, आणि पदार्थविज्ञान तर गंजलेच असणार. म्हणून पहाटेचे ताजे डोके पदार्थविज्ञानाच्या गणितांना द्यावे, रात्रीचे थकलेले जीवशास्त्राच्या उजळणीला. पुस्तकांचा ढीग नको, एन. सी. ई. आर. टी.ची अकरावी-बारावीची पुस्तके पुन्हा पुन्हा वाचावीत. लोकलच्या गर्दीत नवे काही डोक्यात शिरत नाही; पण सकाळी वाचलेले डोळे मिटून आठवून पाहता येते, आणि आठवून पाहण्यासारखी दुसरी उजळणी नाही.

एक आड एक रविवारी पुरी प्रश्नपत्रिका सोडवावी, आणि तीही दुपारी दोन ते पाच. २०२५ साली परीक्षेची वेळ हीच होती. आपल्या घरांत रविवारी ही घोरण्याची वेळ! तिला जागे राहण्याची सवय लागायला हवी, आणि बाकीच्यांना दूरदर्शन संच बंद ठेवण्याची.

आता, गृहस्थहो, तुमच्याविषयी. बदाम-खारीक द्यालच, पण तिला खरी गरज आहे ती तासांची. रविवारचे पाहुणे, मावसबहिणीचे डोहाळजेवण, बँकेची आणि दळणाची कामे अठरा महिने इतरांनी वाटून घ्या. पोरगी दमून आली की "कुठवर आलं?" असे विचारू नका, ताट वाढा. स्थळांचे म्हणाल, तर तो निर्णय तिचा आहे. ती थांबू म्हणाली तर थांबा. पाहू म्हणाली तर समोरच्यांना पहिल्याच भेटीत सारे सांगा. हे ऐकून जो मुलगा मागे सरेल, तो पुढेही फारसा उपयोगी पडला नसता.

आणखी एक अवघड गोष्ट आजच बोलून घ्या. सरकारी जागा हुकली तर खाजगी महाविद्यालयाची वर्षाला कित्येक लाखांची फी भरणार काय? किती? निकालाच्या आनंदात राहता ब्लॉक गहाण टाकणारी माणसे असतात आणि निराशेत चौथ्यांदा बसणारीही. किती वेळा बसावे याला कायद्याने मर्यादा नाही. म्हणून ती घराने घालायची. दुसऱ्या मेनंतर सर्वांनी एकत्र बसून, शांतपणे ठरवा. जागा मिळाली नाही तर तिची नोकरी हाती आहे, शिल्लक आहे, आणि "मला करू दिलं नाही" हा सल तिच्या मनात राहणार नाही. हा सल लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशीही वर येतो.

आवरावे की हात द्यावा, असे तुम्ही विचारले आहे. आम्ही म्हणतो, जमाखर्च ठेवा. पाडव्याला व्यापारी नव्या वह्या पूजतात. यंदा आपणही एक वही आणा, पहिल्या पानावर दुसऱ्या मेची तारीख लिहा आणि दर रविवारी रात्री आठवड्याचे तास मांडा. सव्वीस भरले नाहीत तर तिला रागावण्याआधी ते कोणी खाल्ले ते पाहा. बहुतेक वेळा घरातलाच माणूस सापडेल!