विश्लेषण : मायक्रोसॉफ्टच्या माजी अधिकाऱ्यांनी विकत घेऊनही व्यावसायिक बोलिंगचे जुने दिवस का परतले नाहीत?

आपल्याकडे बोलिंग म्हटले की आधी बुमरा आठवतो. दहा पिनांवर जड चेंडू सोडण्याची ती दुसरी बोलिंग बहुतेकांनी मॉलमध्ये, ऑफिसच्या टीम आउटिंगला एकदा खेळलेली असते. मीही पहिल्या नोकरीत तशीच खेळलो. पहिले दोन्ही चेंडू थेट कडेच्या खोबणीत गेले. हा कुणाचा तरी पोटापाण्याचा खेळ असू शकतो, हे तेव्हा डोक्यातही आले नव्हते. ‘अ लीग ऑफ ऑर्डिनरी जंटलमेन’ हा ख्रिस्तोफर ब्राउन यांचा २००४ मधला माहितीपट पाहिल्यावर मात्र वाटले, की बोलिंगची ही गोष्ट टीव्हीवर तगू पाहणाऱ्या प्रत्येक खेळाने पाहावी.

बोलिंग खरेच इतकी लोकप्रिय होती?

होती. एडी इलायस या वकिलाने १९५८ मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन येथे व्यावसायिक बोलर्सची संघटना, म्हणजेच पीबीए, स्थापन केली. १९६० च्या दशकात एबीसी वाहिनीवर दर शनिवारी बोलिंग दिसू लागली. १९६४ मध्ये डॉन कार्टर यांना चेंडू बनवणाऱ्या कंपनीकडून तब्बल १० लाख डॉलरचा जाहिरात करार मिळाला. पुढे प्रेक्षक पांगले, जाहिरातदार गेले आणि १९९७ मध्ये एबीसीने हा कार्यक्रम बंद केला.

माहितीपटात काय आहे?

२००० मध्ये ख्रिस पीटर्स, रॉब ग्लेसर आणि माइक स्लेड या मायक्रोसॉफ्टच्या तीन माजी अधिकाऱ्यांनी डबघाईला आलेली पीबीए विकत घेतली. नायकेमध्ये काम केलेले स्टीव्ह मिलर प्रमुख म्हणून आले. सूत्र साधे होते : खेळ चांगला आहे, त्याचे पॅकेजिंग जुनाट आहे. म्हणून नवे दिवे आले, आरडाओरडा करणारे प्रेक्षक आले, ‘हीरो’ आणि ‘व्हिलन’ आले.

हा बदल चार बोलर्सच्या आयुष्यातून दिसतो. दिग्गज डिक वेबर यांचा मुलगा पीट हा काळा चष्मा लावून हावभाव करणारा, टीव्हीला हवा तसा माणूस. वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर अगदी उलट : भौतिकशास्त्राचा पदवीधर, शांत, मोटरहोममधून गावोगाव फिरणारा. तरुण ख्रिस बार्न्स घर आणि दौरा यांची सांगड घालतो आहे. आणि वेन वेब, १९८० चा सर्वोत्तम बोलर, उतरत्या वयात पुढच्या वर्षी खेळायला मिळेल का, या काळजीत आहे.

शेवटी पीट वेबर आणि विल्यम्स समोरासमोर येतात. सगळे दिवे वेबरसाठी लावलेले असतात, जिंकतात विल्यम्स. त्या २००२-०३ च्या मोसमात विल्यम्स यांनी चार लाख डॉलरहून अधिक बक्षिसे मिळवली. म्हणजे शिखरावर पैसा वाढला. पण वेन वेबसारख्यांच्या पायाखालची जमीन काही घट्ट झाली नाही.

मग चुकले कुठे?

एक अडचण तांत्रिक आहे. बोलिंगची लेन ६० फूट लांब असते आणि तिच्यावर तेलाचा पातळ थर विशिष्ट आराखड्यात पसरलेला असतो. तेल जास्त तिथे चेंडू घसरतो, कमी तिथे पकड घेऊन वळतो. प्रत्येक चेंडूगणिक हा थर बदलतो आणि खेळाडूला तो अंदाजाने ओळखावा लागतो. खेळाचे खरे कौशल्य हेच, पण टीव्हीवर ते दिसत नाही. पाहणाऱ्याला वाटते, तेच तेच चालले आहे.

पण एकेकाळी हाच न दिसणारा खेळ लाखो लोक आवडीने पाहत होते. का? कारण ते स्वतः खेळत होते. कारखान्याची, चर्चची, मोहल्ल्याची टीम आठवड्यातून एका ठरलेल्या रात्री लीग खेळायची. त्या माणसाला तेल समजावून सांगावे लागत नव्हते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी दाखवून दिले होते, की १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग करणारे १० टक्क्यांनी वाढले, पण लीगमध्ये खेळणारे ४० टक्क्यांनी घटले. म्हणजे लोक बोलिंगला जात होते, पण वाढदिवसाला, मजेखातर. त्यांतून प्रेक्षक तयार होत नाही.

माझ्या मते, नव्या मालकांची गफलत इथेच झाली. त्यांनी पडद्यावरचा खेळ दुरुस्त केला. आटला होता तो पडद्यामागचा झरा. पीबीए बंद पडली नाही, हे त्यांचे श्रेय नक्कीच. पण जुने दिवस आले नाहीत. २०१९ मध्ये पीबीए बोलिंग सेंटरची साखळी चालवणाऱ्या बोलेरो कंपनीने घेतली.

आपल्याला याचे काय?

२०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा तिनेही दिवे, संगीत आणि ३० सेकंदांच्या चढाईचा थरार वापरला. ती चालली. पण ती फक्त दिव्यांमुळे चालली, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी शाळेच्या किंवा मंडळाच्या मैदानात गुडघे फोडून घेतले होते. बोनस रेषा म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागले नाही. ही शिल्लक लीगने कमावलेली नाही. ती मंडळांनी, शाळांनी, तालमींनी साठवलेली आहे.

म्हणून कबड्डी किंवा खो-खोचे भवितव्य विचारायचे असेल, तर प्रक्षेपण हक्कांचे आकडे पुरेसे नाहीत. आपल्या गल्लीतल्या मैदानावर संध्याकाळी कोण खेळते आणि तिथे आता पार्किंग तर झालेले नाही ना, हेही पाहावे लागेल.