डिस्क शेवटी, आधी मास्टर सिलिंडर

जुन्या गाडीला डिस्क ब्रेक लावायचाय असं म्हटलं की गप्पा लगेच डिस्क केवढी आणि कॅलिपर कुठल्या गाडीचा यावर जातात. घोळ तिथेच सुरू होतो. मामाची पद्मिनी (मूळची फियाट ११००, चारही चाकांना ड्रम) आता माझ्याकडे आहे. दिवाळीला तीच घेऊन, मागे आई-बाबांना बसवून खंडाळ्याचा घाट उतरायचा बेत आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता शनिवार-रविवारचा टाइमपास नाही.

आधी ड्रमची बाजू. ड्रम वाईट नसतो. त्यातला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आणखी आत खेचला जातो, म्हणजे थोडं काम गाडी फुकटात करते. डिस्कमध्ये ही सोय नाही, पायालाच जोर लावावा लागतो. मग डिस्क कशाला? तर तापल्यावर ड्रम फुगून शूपासून लांब जातो, पेडल खाली खाली जातं आणि घाटात घाम फुटतो. शिवाय मुंबईच्या पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिले एक-दोन ब्रेक देवाच्या भरवशावर. डिस्क पाणी झटकते आणि लवकर थंड होते. एकाच जोरदार ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबेल हे मात्र शेवटी टायर ठरवतात. जुने कडक टायर ठेवून डिस्कवर पैसे घालणं म्हणजे डेटाबेस स्लो असताना नवा मॉनिटर घेण्यासारखं :)

आता मास्टर सिलिंडर. समजा पेडलवर २५ किलोचा जोर दिला आणि पेडलची तरफ ५ पट आहे, तर सिलिंडरवर १२५ किलो येतात. पाऊण इंची बोअर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४४ किलो दाब मिळतो. बोअर ७/८ इंच केला तर तोच पाय फक्त ३२ देतो! पण कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइल जास्त लागतं, म्हणून फार छोटा बोअरही चालत नाही. पेडल तळाला टेकतं. म्हणजे कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर हे जोडीनेच निवडायचे. दोन सर्किटचा घेता आला तर तोच घ्यावा. एक पाइप फुटला तरी निम्मे ब्रेक राहतात.

आणखी एक बारीक गोष्ट, जी गॅरेजमध्ये सहसा कोणी सांगत नाही. ड्रमसाठीच्या बऱ्याच जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनवर तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासतच राहतात.

"मग बूस्टर टाकू ना," असं एका गॅरेजवाल्याने मला सुचवलं. टाका की! पण बूस्टर मागच्या ड्रमचाही दाब वाढवतो. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर आधी तीच लॉक होऊन गाडी गरकन फिरते. त्यासाठी मागच्या लाइनला दाब कमी करणारा ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह हवा, आणि तो रिकाम्या मैदानात सेट करायला एक अख्खा रविवार.

कॅलिपर भंगार बाजारातून आणायला माझी हरकत नाही. फक्त पिस्टन गंजलेला नको, आणि सील व रबरी होज नवेच. ब्रॅकेटवर मात्र कंजुषी नाही. वेल्डिंगचा ठिगळ मला अजिबात चालणार नाही. लेथ-मिलिंगवर बनवलेला, चाकाच्या आत फिरवून तपासलेला आणि हाय टेन्साइल बोल्टने कसलेला हवा.

'मूळ रूप बिघडतं' म्हणणारेही आहेत. २०२१च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुन्या व्हिंटेज गाड्यांसाठी चॅसी, बॉडी शेल आणि इंजिनमधले बदल नाव घेऊन अडवलेत. त्या यादीत ब्रेक नाहीत. तरी मूळचे ड्रम मी फेकणार नाही, पोटमाळ्यावर ठेवीन.

असो. माझा क्रम ठरलाय: टायर, होज, मास्टर सिलिंडर-कॅलिपरची जोडी, ब्रॅकेट आणि मग डिस्क. दिवाळीपर्यंत ब्रॅकेट बनवणारा चांगला माणूस नाही मिळाला, तर चारही चाकांना नवे लायनर आणि व्हील सिलिंडर टाकून ड्रमवरच घाट उतरेन, दुसऱ्या गिअरमध्ये. मागून हॉर्न वाजतील, वाजू देत.