गाणेही आपले, पार्टीही आपली

"पोरगा हुशार आहे, पण पार्टीबरोबर ऑर्गन वाजवायला जातो, पहाटे घरी येतो. याचे पुढे कसे व्हायचे?" हा प्रश्न वस्तीत फिरताना आमच्या कानावर नेहमी येतो. मुलगी कोरसला जात असेल तर काळजी दुप्पट. आणि ती काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. बिदागी आज आहे, उद्या नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही वाचकांना एका बाईंची हकीकत सांगणार आहोत. या बाई पन्नास वर्षे गावोगाव फिरून गायल्या, आणि त्यातली जवळजवळ वीस वर्षे कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधारावाचून. बाई आपल्याकडच्या नव्हेत, अमेरिकेतल्या काळ्या समाजातल्या. नाव बेटी कार्टर. गाणे जॅझ.

जॅझ म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला हॉटेलातला बाजा येतो. तेवढेच ते नव्हे. ज्यांचे आजे-पणजे गुलाम म्हणून विकले गेले, त्या समाजाने हे संगीत घडवले. एक ओळखीची चाल घ्यायची, मग पियानोवाल्याने, ड्रमवाल्याने, गाणाऱ्याने ती आपापल्या मनाने फुलवायची आणि पुन्हा मुखड्यावर यायचे. काल जे वाजवले ते आज तसेच वाजवायचे नाही. शब्द सोडून नुसत्या बोलांवर गाण्याचा एक प्रकारही त्यात आहे, आपल्या तराण्याच्या जवळचा. त्याला स्कॅट म्हणतात. कार्टरबाई त्यात पटाईत होत्या.

त्यांचे मूळ नाव लिली मे जोन्स. जन्म १९२९ चा, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावचा. वाढल्या डेट्रॉईटला, मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात. वडील चर्चमधले गाणेबजावणे सांभाळत. पोरगी मात्र रात्रीच्या क्लबांकडे ओढली गेली. १९४८ साली लायोनेल हॅम्प्टन यांच्या मोठ्या पार्टीत तिला जागा मिळाली. 'बेटी बीबॉप' हे नाव हॅम्प्टननेच चिकटवले. बीबॉप म्हणजे तेव्हाचा नवा, जलद जॅझ. बाईंना ते नाव मुळीच आवडत नसे, कारण त्यांना संथ, भावपूर्ण गाणीही गायची होती आणि मालकाला हवे होते फक्त टाळ्या घेणारे स्कॅट. अडीच वर्षांत मालकाने सात वेळा कामावरून काढले म्हणतात! पुन्हा घेतलेही. गिरणीत काम केलेल्या आमच्या वाचकांना अशा नोकरीची चव सांगायला नको.

त्या काळचा दौरा कसा होता तेही समजून घ्या. रात्री गोऱ्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच गावातल्या हॉटेलात काळ्या कलावंताला खोली नाही, खानावळीत पान नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत तर पाण्याचे नळसुद्धा वेगळे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या एका पोस्टमनने १९३६ पासून एक पुस्तकच काढायला सुरुवात केली. कोणत्या गावात काळ्या माणसाला मुक्काम मिळेल, जेवण मिळेल, कोणता पेट्रोलपंप त्याला हाकलणार नाही, याची त्यात यादी असे. भेदभावाला बंदी घालणारा कायदा १९६४ साली झाला. तोवर हे पुस्तक कलावंतांच्याही सामानात असायचे. (पोस्टमनने केलेले हे काम आम्हाला एखाद्या मोठ्या ग्रंथाहून कमी वाटत नाही.)

१९५१ मध्ये बाईंनी ती पार्टी सोडली आणि न्यूयॉर्कला बिऱ्हाड केले. हार्लेमच्या प्रसिद्ध अपोलो थिएटरात त्या गायल्या. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते या हार्लेमला लागूनच आहे. १९६१ साली रे चार्ल्स या अंध गायकाबरोबर त्यांची रेकॉर्ड निघाली आणि नाव झाले. आता पैसा येईल असे वाटत होते, तोच हवा फिरली. बीटल्स आले, रॉक संगीत आले. कंपन्यांना जॅझ नकोसा झाला. विकेल असे गा, हा व्यवहार होता. बाईंनी आपले गाणे बदलले नाही. दोन मुलगे झाले होते, घर होते. दौरे कमी झाले.

इथे बहुतेकांची हकीकत संपते. कार्टरबाईंनी मात्र १९६९-७० च्या सुमारास स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. आपल्याच नावाची दोन टोके जोडून तिला नाव दिले 'बेट-कार'. कंपनी म्हणजे काही इमारत नव्हे! स्टुडिओचे भाडे आपण भरायचे, वाजवणाऱ्यांचे पैसे आपण द्यायचे, रेकॉर्डचे कव्हर आपण छापायचे, ती दुकानात जावी म्हणून आपणच खटपट करायची आणि मग वसुली. उरलेल्या दिवशी क्लब आणि कॉलेजे गाठायची. त्यात संसारही मोडला. मुले वाढवत हे सगळे चालले होते.

मग टिकल्या कशावर? नुसत्या जिद्दीवर म्हटले तर ते अर्धेच होईल. आमच्या मते त्यांना गाण्यात खरोखर मजा येत होती. १९७९ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला झालेल्या कार्यक्रमाची रेकॉर्ड त्यांनी स्वतःच पुढच्या वर्षी काढली. तिच्यातले पहिलेच गाणे पंचवीस मिनिटांचे आहे आणि त्यात शब्द जवळजवळ नाहीतच. एखाद्या कंपनीच्या साहेबाने हे चालू दिले असते का? बाई गाता गाता लय अशी मोडतात की वाजवणाऱ्याने डोळा काढला की फसलाच. कधी इतक्या संथ होतात की आता थांबणार वाटावे, आणि पुढच्या क्षणी सुसाट. समोरचे लोक हसतात, ओरडतात, दाद देतात. ही आवाजाची कसरत नव्हे. एक बाई आपल्या घरात मोकळी वावरते आहे, असे ऐकताना वाटत राहते.

आणखी एक. त्यांच्या पार्टीत वाजवणारे बहुतेक विशी-पंचविशीतले. पियानोवर मलग्रू मिलर, बेनी ग्रीन, सायरस चेस्टनट, ड्रमवर लुईस नॅश. हे सगळे पुढे नावारूपाला आले. बाई कडक होत्या. काल टाळ्या मिळाल्या म्हणून आज तेच वाजवले तर खपत नसे. पोरे तयार झाली की सोडून जात, बाई नवी घेत. त्यांना शिकवता शिकवता आपणही ताजे राहतो, हा त्यातला हिशोब असावा.

१९८८ मध्ये व्हर्व्ह ही मोठी कंपनी स्वतःहून आली. नवी रेकॉर्ड काढलीच, शिवाय बेट-कारच्या जुन्या रेकॉर्डही पुन्हा बाजारात आणल्या. त्या नव्या रेकॉर्डला १९८९ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. बाई तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर. १९९३ पासून त्यांनी 'जॅझ अहेड' नावाने तरुण वादकांची शिबिरे सुरू केली. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते राष्ट्रीय कला पदक स्वीकारले. २६ सप्टेंबर १९९८ रोजी, ब्रुकलिनमधल्या राहत्या घरी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

ऑर्गनवाल्या पोराच्या आईला आम्ही एवढेच विचारू: तो पहाटे घरी येतो तेव्हा त्याचा चेहरा कसा असतो, ते पाहिले आहे का? आणि पोराला विचारू: बिदागीचा हिशोब वहीत कोण लिहितो, तू की पार्टीचा मालक? कार्टरबाई तो स्वतः लिहीत.