साईडला झिरो, वर झुलपं : गडब पट्ट्यात अंडरकटचा पैसा नेमका कोणाच्या खुर्चीत?

गडब : रविवारी सकाळी गडब, डोलवी, वडखळ या महामार्गालगतच्या पट्ट्यात केस कापायला गेलं तर नंबर लागेपर्यंत तास-दीड तास सहज जातो. बाकड्यावर बसलेली पोरं मोबाईलमध्ये फोटो काढून तयार असतात. कोणी क्रिकेटपटूचा, कोणी सिनेमातल्या हिरोचा, तर कोणी शेजारच्या गावात मागच्या आठवड्यात झालेल्या हळदीतल्या नवऱ्या मुलाचा. मागणी मात्र बहुतेकांची एकच : बाजू आणि मागचं मशीनने उडव, वरचं राहू दे. यालाच अंडरकट म्हणतात. गावातल्या भाषेत "साईडला झिरो".

वरवर बघितलं तर हा पोरांच्या हौसेचा विषय वाटतो. पण या एका कटिंगमुळे गावातल्या नाभिकाच्या धंद्याचं गणित गेल्या दहाएक वर्षांत पार बदललं आहे आणि ते नीट कोणी मांडलेलं नाही.

आधी कट म्हणजे काय ते पाहू, कारण अर्धे वाद तिथेच होतात. अंडरकटमध्ये कानावरचे आणि मानेवरचे केस एकाच लांबीने बारीक केले जातात आणि वरच्या लांब केसांशी ते मिसळवले जात नाहीत. मध्ये सरळ पायरी दिसते. खालून वर हळूहळू दाट होत जाणारा तो फेड. दोन्ही वेगळे आहेत. पोरगा तोंडाने अंडरकट म्हणतो, फोटो दाखवतो फेडचा, आणि घरी जाऊन आरशात बघून कारागिराला शिव्या देतो. मशीनच्या कंगव्याचे नंबर असतात : एक म्हणजे साधारण 3 मिलिमीटर, दोन म्हणजे 6, चार म्हणजे 13 च्या आसपास. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन किंवा तीन नंबर सांगावा, झिरो सांगू नये. कमी करायला पुढच्या खेपेला वाव असतो, उडवलेले परत लावता येत नाहीत. डोक्यावरचा भोवरा कुठे आहे हेही कारागिराला बघू द्यावं. भोवऱ्याच्या फार जवळ मशीन नेली की मागचे केस खुंटासारखे उभे राहतात. वरचे केस विरळ असतील तर हा कट ते लपवत नाही, उलट दाखवून देतो. गोल चेहऱ्याला बाजू बारीक शोभतात. आधीच लांबट चेहऱ्याच्या माणसाने वर फार उंची ठेवली की चेहरा आणखी ताणलेला दिसतो.

आता हा काय नवा अवतार, असं म्हणणाऱ्या आजोबांना एक सांगायला हवं. डोक्याच्या कडा भादरून मध्ये केस राखायची पद्धत आपल्याकडे नवी नाही. शे-दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातले बहुतेक हिंदू पुरुष घेरा आणि शेंडी राखत, बाकी डोकं वस्तऱ्याने साफ. विलायतेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मँचेस्टर, ग्लासगोच्या कामगार वस्त्यांतली टोळक्यातली पोरं बाजू बारीक आणि वर लांब केस ठेवायची. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात ही पद्धत सर्रास होती. मग ती मागे पडली आणि 2010 नंतर सिनेमा, मालिका आणि फुटबॉलपटूंमुळे जगभर परत आली. आपल्याकडे ती आयपीएल आणि मोबाईलवरून आली. त्याआधी 2003 मध्ये 'तेरे नाम' आला तेव्हा गावोगाव मधला भांग आणि मानेवर केस होते, 2008 च्या शेवटी 'गजिनी' आला तेव्हा डोक्यावर पट्टे ओढून घेतले जात होते. ती फॅशन वर्षभरात विरली. अंडरकट मात्र दहा वर्षं झाली तरी टिकून आहे आणि त्यामागे पैशाचं कारण आहे.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. जुनी साधी कटिंग वाढली तरी दीड महिना बघवत होती. अंडरकट पंधरा-वीस दिवसांतच बिघडतो, बाजू फुगतात, पायरी पुसली जाते, कानावर टोपली ठेवल्यासारखं दिसतं. म्हणजे वर्षाला आठ वेळा खुर्चीत बसणारा पोरगा आता अठरा-वीस वेळा बसतो. समजा कटिंगचे 100 रुपये धरले, तर एका डोक्यामागे 800 चे 2,000 झाले. दर गावागणिक, दुकानागणिक वेगळे आहेत, पण पट तोच राहतो. कारागिराच्या दृष्टीने ही चांदी वाटावी.

पण वेळेचं काय? साधी कटिंग पंधरा मिनिटांत उरकते. अंडरकटला मशीन, मग कडेची रेघ, मग वरची कातरी, मग ड्रायर, मग दाढीची आखणी, असं करत अर्धा-पाऊण तास जातो. दहा तास दुकान उघडं ठेवणारा एकटा माणूस दिवसाला पंधराच्या वर अंडरकट करू शकत नाही. साध्या कटिंगच्या भावात अंडरकट करणारा म्हणजे निम्म्या मजुरीत राबणारा. ज्याने दर वाढवला, एसी लावला, दोन खुर्च्या जास्त टाकल्या, त्यालाच यात पैसा आहे. आणि अशी दुकानं गावाच्या आत नाहीत. ती नाक्यावर, महामार्गाला, कंपनीच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला आहेत.

इथेच खरी फूट पडली आहे. खारेपाटात नाभिकाची घरं पूर्वी बलुत्यावर होती. वर्षभर गावाची हजामत करायची आणि खळ्यावर भात घ्यायचं. धोकटीत वस्तरा, कातरी, वाटी आणि तुरटी एवढंच भांडवल. भातशेती तोट्यात गेली, डोलवीला पोलादाचा कारखाना आला, हातात रोख पगार आला, तशी बलुत्याची पद्धत संपली आणि टपरी आली. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 पासून या भागात सुरू आहे आणि त्या कामात रस्त्याकडेच्या टपऱ्या कितीदा मागे-पुढे झाल्या हे इथल्यांना सांगायला नको. त्याच दरम्यान नाक्यावरच्या नव्या सलूनमध्ये उत्तर प्रदेश, बिहारकडचे कारागीर दिसू लागले. त्यांचा हात मशीनवर बसलेला, शहरातून शिकून आलेले, रात्री दहापर्यंत थांबायची तयारी. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही. पोरांना जो कट हवा होता तो त्यांनी दिला.

गावातल्या जुन्या नाभिकाकडे काय उरलं? बाळाचं जावळ, नवऱ्या मुलाची हळदीच्या दिवसाची दाढी, आणि दहाव्याला तळ्यावर किंवा खाडीवर डोकी करणं. हे काम नाक्यावरचा सलूनवाला करत नाही आणि गावकरीही त्याच्याकडे मागत नाहीत. मान गावच्या नाभिकाचाच. पण दहाव्याच्या पहाटे गाव ज्याला बोलावतं, त्याच्याकडे त्याच गावातली पोरं रविवारी फिरकत नाहीत. मानाचं काम एकाकडे आणि पैशाचं दुसऱ्याकडे अशी ही वाटणी आहे. नाभिकाच्या स्वतःच्या मुलानेही मग कंपनीत ठेकेदाराकडे हजेरी लावली तर त्याला नावं कशाला ठेवायची?

या धंद्याला कोरोनाने दिलेला दणका अजून पुरता भरून निघालेला नाही. मार्च 2020 मध्ये दुकानं बंद झाली, 3 जूनला निसर्ग वादळाने रायगडात पत्रे उडवले, वीज गेली. 28 जूनपासून सरकारने कटिंगला परवानगी दिली, पण दाढीला नाही. एप्रिल 2021 मध्ये दुकानं परत बंद. त्या काळात घराघरात ट्रिमर आले. भावाने भावाच्या बाजू उडवायच्या, हे तेव्हा सुरू झालं. पण गंमत अशी की झिरो मशीन घरी मारता येते, वरचा आकार घरी येत नाही. दोन महिने घरी प्रयोग करून पोरं परत खुर्चीतच आली, फक्त ती नाक्यावरच्या खुर्चीत आली. दुकानबंदीच्या विरोधात तेव्हा राज्यभर नाभिक संघटनांनी आवाज उठवला. या समाजाला एकजूट नवी नाही. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं होतं, म्हणजे हातातलं काम आणि त्याची मजुरी सोडून.

कर्ज आहे, पण घरात एकालाच

सरकारी मदतीचं विचाराल तर पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. त्यातल्या 18 व्यवसायांत नाभिक आहे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्याचे रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 चं व्हाउचर, आणि तारण न देता 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाख कर्ज. नोंदणी सेवा केंद्रावर करायची, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे. 15,000 मध्ये चांगली मशीन, ट्रिमर, ड्रायर एवढं बसतं. कागदावर योजना चांगली आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, कुटुंबातल्या एकालाच लाभ, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. म्हणजे वस्तरा चालवणाऱ्या बापाने नाव घातलं की मशीन शिकू पाहणारा वीस वर्षांचा अविवाहित मुलगा बाहेर. गावात नेमकी हीच जोडी आहे. घरातल्यांनी आधी बसून ठरवावं की नाव कोणाचं घालायचं, आणि ते पोराचं घातलेलं बरं. दुसरं, हप्ता. 1 लाखाची परतफेड 18 महिन्यांत, म्हणजे महिन्याला साधारण 5,800 रुपये. 100 रुपयांच्या भावाने 58 डोकी फक्त हप्त्यासाठी, दिवसाला दोन. नाक्यावर हे जमेल. आतल्या आळीत, जिथे म्हातारी माणसं महिन्यातून एकदा येतात, तिथे जमणं कठीण. प्रशिक्षणात मशीनचा कट नीट शिकवला गेला तरच या पैशाला अर्थ आहे, नाहीतर नवी मशीन खोक्यातच राहील.

22 सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सेवेवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला, तेव्हा कटिंग स्वस्त होणार अशा बातम्या फिरल्या. गावात तसं काही झालं नाही आणि होणारही नव्हतं. वर्षाला 20 लाखांच्या आत धंदा असणाऱ्याला सेवेवर जीएसटीची नोंदणीच लागत नाही. 20 लाख व्हायला रोज 5,500 च्या आसपास गल्ला हवा. एका खुर्चीच्या दुकानाला तो कर आधीही नव्हता, आताही नाही. शेव्हिंग क्रीम, शाम्पू, केसाचं तेल यांच्यावरचा कर कमी झाला, त्याचा थोडा फायदा झाला असेल तेवढाच.

झिरो मशीन आणि नायटा

एका गोष्टीकडे मात्र गिऱ्हाईक आणि कारागीर दोघेही काणाडोळा करतात. झिरो मशीन कातडीला लागून फिरते, बारीक खरचटतं, आणि तीच मशीन पुढच्या डोक्यावर जाते. नायटा, केसांच्या मुळाशी येणारे पुळे असेच पसरतात. दमट हवेत, हेल्मेटखाली घाम मुरत असताना ते बरे व्हायला वेळ लागतो, आणि मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावली की नायटा दबतो आणि नंतर जास्त चिवट होऊन उसळतो. कडेची रेघ वस्तऱ्याने काढतात, तिथे ब्लेड प्रत्येकाला नवंच हवं. एकच ब्लेड दोघांना वापरलं तर कावीळ ब चा धोका असतो. ब्लेड डोळ्यासमोर मोडून घालायला सांगायला लाज कसली? मशीनचं पातं दर डोक्याला ब्रशने झाडून स्पिरिटने पुसणं हे दोन मिनिटांचं काम आहे. केस सरळ करायच्या क्रीमच्या नादी अठरा-वीसच्या पोरांनी लागू नये. अशा काही क्रीममधल्या रसायनांनी मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत.

घरी केस बसवायचे तर आधी पंचाने पुसून अर्धे सुकवावेत, पुढून मागे ड्रायर किंवा नुसता पंखा, आणि वाटाण्याएवढं वॅक्स तळहातावर चोळून मुळापासून लावावं. कोकणातल्या घामात जेल वितळून कपाळावर उतरतं. तेल लावून वॅक्स बसत नाही. कंपनीत पाळीला जाणाऱ्याने वर दोन इंचांच्या वर ठेवून उपयोग नाही, आठ तास हेल्मेट घातल्यावर चार इंचांचा तुरा चपटाच होतो. पोलीस भरतीची, अग्निवीरची तयारी करणाऱ्यांनी तर हा कट मैदानी चाचणीच्या आधी उतरवलेला बरा, तिथे वरचेही बारीकच लागतात.

धंद्याचा मोसम ठरलेला आहे. लग्नसराईत हळदीच्या आदल्या दिवशी अख्खी मित्रमंडळी एकसारखा कट मारून घेते, तेव्हा नाक्यावर रात्री अकरापर्यंत दिवे असतात. गटारी झाली की श्रावण, महिनाभर बरीच घरं केस-दाढीला हात लावत नाहीत. मग गणपतीच्या आधीच्या आठवड्यात परत झुंबड. ज्या नाभिक कुटुंबांना विश्वकर्माचं कर्ज घ्यायचं आहे त्यांनी हे महिने हिशोबात धरावेत, कारण श्रावणातही हप्ता 5,800 चाच असतो. अर्ज केलेल्यांनी पडताळणी कुठे अडली आहे ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारावं. अर्ज तिथून पुढे सरकल्याशिवाय जिल्हा समितीसमोर जात नाही.